रजेवरचा माणूस



मराठीत 'दुखणं' या एका शब्दाला दोन अर्थ आहेत. पाय दुखतो तेही दुखणं आणि माणूस अंथरुणाला खिळतो तेही दुखणं. 'अमक्यानं मोठं दुखणं काढलं' असं आपण म्हणतो, तेव्हा ते दुखणं संपलं असंच आपल्याला म्हणायचं असतं. आपली म्हणही हेच सांगते. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं. सावकाश का होईना, पण जातं.

काही दुखणी मात्र मुंगीच्या पावलांनीसुद्धा जात नाहीत. कुणाची कंबर, कुणाची मान, कुणाचा खांदा. महिने जातात, वर्ष उलटतं, औषधं होतात, शेक होतात, मालिश होतं, आणि दुखणं आपलं घरच्या माणसासारखं तिथंच. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या अशा वेदनेला वैद्यकशास्त्रात जुनाट वेदना म्हणतात. एकट्या कंबरदुखीचंच घ्या. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना ती होती, असा जागतिक पातळीवरचा अंदाज आहे. माणसाला कामातून उठवणाऱ्या कारणांमध्ये जगात तिचा नंबर पहिला लागतो.

या दुखण्यापायी रजा घेऊन घरी बसलेल्या माणसाविषयी आज मला बोलायचं आहे. हा माणूस शाळेतला शिक्षक असेल, एस. टी. चा चालक असेल, साखर कारखान्यातला कामगार असेल. त्याला ताप नाही, पायाला पट्टी नाही, हाताला प्लॅस्टर नाही. संध्याकाळी तो पाय मोकळे करायला बाहेर पडला, की पारावर बसलेल्यांपैकी कुणीतरी म्हणतो, "काय गुरुजी, रजेवर ना तुम्ही? चालताय तर ठणठणीत!" म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण दुसऱ्या दिवशी गुरुजी बाहेर पडत नाहीत. डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, रोज चाला. गाव म्हणतं, चालता येतं तर कामावर का जात नाही? या दोन वाक्यांच्या कात्रीत सापडून तो माणूस अंथरूण धरतो. आणि या दुखण्यात अंथरुणाइतकं वाईट दुसरं काही नाही.

मी डॉक्टर नाही, महाविद्यालयात मराठी शिकवतो. कंबरेच्या दुखण्यानं मलाही काही महिने रजेवर राहावं लागलं. त्या काळात जे वाचलं आणि जाणत्या डॉक्टरांकडून जे समजून घेतलं, त्यातलं सर्वांच्या उपयोगी पडेल तेवढंच सांगतो.

पहिला प्रश्न असा, की जखम भरली, सूज उतरली, तरी दुखायचं का थांबत नाही? सतराव्या शतकात देकार्त नावाचा फ्रेंच तत्त्वज्ञ होऊन गेला. त्याची कल्पना अशी होती, की पायाला विस्तव लागला म्हणजे पायापासून मेंदूपर्यंत गेलेला एक धागा ओढला जातो, आणि दोरी ओढल्यावर देवळातली घंटा वाजावी तशी मेंदूत वेदना वाजते. जेवढी इजा तेवढी वेदना, इजा नाही तर वेदना नाही, असा सरळ हिशेब. आपण सगळे आजही मनातल्या मनात हाच हिशेब धरून चालतो. म्हणून तर फोटोत काही दिसलं नाही की लोक म्हणतात, "काही नाही त्याला."

हा हिशेब अपुरा आहे. १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी एक वेगळा विचार मांडला. त्यांचं म्हणणं आपल्या भाषेत सांगायचं, तर पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत एक वेस आहे. अंगातून निघालेली वार्ता मेंदूकडे जाताना या वेशीतून जाते. वेस कधी उघडी, कधी अर्धी लोटलेली. कोपर आपटलं की आपण नकळत ते चोळतो आणि जरा बरं वाटतं, ते का? चोळण्याची वार्ता त्याच वेशीशी पोचते आणि वेस थोडी लोटली जाते. मेंदूकडूनही वेशीवर हुकूम येतात. भीती, काळजी आणि जागरण यांनी वेस सताड उघडते. मन कशात रमलं, धीर आला, की ती लोटली जाते. पुढच्या संशोधनानं या विचाराच्या तपशिलात पुष्कळ दुरुस्त्या केल्या, पण वेदना ही नुसती दोरी आणि घंटा नव्हे, ही गोष्ट कायम राहिली.

आता जुनाट वेदनेत काय होतं ते पाहा. पूर्वी गावाला जागल्या असे. रात्री गस्त घालायची आणि चोर दिसला की आरोळी ठोकायची, हे त्याचं काम. समजा, गावात एकदा मोठी चोरी झाली. जागल्या इतका धसकला, की पुढं पान हललं तरी आरोळी, मांजर गेलं तरी आरोळी. चोर केव्हाच गेलेला आहे, पण गावाची झोप रोज मोडते. जुनाट वेदनेत आपले मज्जातंतू पुष्कळदा असेच होऊन बसतात. मूळ इजा बरी झालेली असते, पण वार्ता नेणारी यंत्रणा हळवी होऊन राहते. साधं वाकणं, साधा स्पर्शसुद्धा ती संकट म्हणून मेंदूला कळवते.

यातून कुणी असं समजू नये, की मग हे सगळं मनाचे खेळ आहेत. जागल्याची आरोळी खरी असते, झोपमोडही खरी असते. वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांची एक आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिनं २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा सोबत हेही नोंदवलं, की माणूस आपल्याला दुखतं असं सांगतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. २०२२ पासून लागू झालेल्या रोगांच्या जागतिक यादीत तर जुनाट वेदनेला स्वतःचं स्थान मिळालं आहे. दुसऱ्या रोगाचं नुसतं लक्षण म्हणून तिला आता मोजत नाहीत.

फोटोंविषयीही एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. कंबर मुळीच दुखत नाही अशा लोकांच्या मणक्यांच्या तपासण्या अनेक ठिकाणी झाल्या. त्या सर्वांचा एकत्र आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. पन्नाशीच्या, काहीही न दुखणाऱ्या शंभर माणसांतल्या सुमारे ८० जणांच्या मणक्यांमधल्या चकत्या झिजलेल्या निघाल्या. म्हणजे फोटोत झीज आहे आणि दुखणं नाही, असं होतं. तसंच दुखणं आहे आणि फोटो स्वच्छ, असंही होतं. तेव्हा फोटो पाहून माणसाला खोटं पाडू नये, आणि फोटो पाहून त्यानं स्वतःही हाय खाऊ नये.

आता अंथरुणाविषयी. 'कंबर धरली? पडून राहा,' हा सल्ला आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आला. १९९५ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी शहरात नगरपालिकेच्या १८६ नोकरांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. या सर्वांची कंबर नुकतीच धरलेली होती. काहींना दोन दिवस सक्त पडून राहायला सांगितलं, काहींना ठरावीक व्यायाम दिले, आणि काहींना सांगितलं, की सोसेल तेवढी रोजची कामं करीत राहा. सर्वांत लवकर बरे झाले ते रोजची कामं करणारे, आणि सर्वांत मागं राहिले ते पडून राहणारे. हा अभ्यास ताज्या दुखण्याचा होता. जुनाट कंबरदुखीविषयी जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शन प्रसिद्ध केलं, त्याचाही रोख तोच आहे. दुखणं समजावून देणं, नियमित व्यायाम, मनाला वळण लावणारे उपचार आणि काही प्रसंगी मालिश यांची शिफारस त्यात आहे. कंबरेचे पट्टे, वजनं लावून ताणणं आणि अफूच्या जातीची वेदनाशामकं सरसकट देऊ नयेत, असंही त्यात सांगितलं आहे.

म्हणूनच मघाच्या पारावरच्या वाक्याला मी इतकं महत्त्व देतो. रजेवरच्या माणसाचं संध्याकाळचं चालणं हे त्याचं औषध आहे. हिवतापाच्या रोग्याच्या हातातली गोळी आपण काढून घेत नाही. पण 'चालताय तर ठणठणीत' असं म्हणून आपण या माणसाचं औषध काढून घेतो. मग तो दुखतंय हे पटवण्यासाठी लंगडून चालतो, बाजार टाळतो, लग्नकार्य टाळतो. हालचाल थांबली की स्नायू सैल पडतात, सांधे आखडतात, झोप उडते, मन खचतं, आणि वेस आणखी उघडते. आपलं दुखणं खरं आहे हे दाखवण्यातच ज्याचा दिवस जातो, तो बरा कधी होणार?

इथं मला एका पैलवानाची गोष्ट सांगायची आहे. जॉन बोनिका त्याचं नाव. १९१७ साली सिसिलीजवळच्या एका बेटावर तो जन्मला, आणि लहानपणीच कुटुंबाबरोबर अमेरिकेत गेला. वडील लवकर वारले. वैद्यकीचं शिक्षण घ्यायला पैसा हवा, म्हणून त्यानं धंदेवाईक कुस्त्या केल्या. तोंडावर मुखवटा चढवून, टोपणनावानं तो आखाड्यात उतरत असे. पुढं तो भूल देणारा डॉक्टर झाला. दुसऱ्या महायुद्धात लष्करी इस्पितळात काम करताना त्यानं पाहिलं, की जखमा भरल्या तरी कित्येक सैनिकांच्या वेदना थांबत नाहीत, आणि वैद्यकाच्या ग्रंथांत वेदनेविषयी जेमतेम चार पानं आहेत. एकट्या डॉक्टरला हे दुखणं उलगडत नाही हे ओळखून त्यानं निरनिराळ्या विषयांच्या डॉक्टरांना एकत्र बसवलं. १९५३ साली त्यानं वेदनेच्या उपचारावर सुमारे दीड हजार पानांचा ग्रंथ लिहिला. आज मोठ्या शहरांतल्या इस्पितळांत वेदनेवरचे स्वतंत्र विभाग दिसतात, त्यांच्या मुळाशी याच माणसाची खटपट आहे.

आणि गंमत अशी, की कुस्त्यांनी खिळखिळ्या झालेल्या सांध्यांच्या वेदना त्याला स्वतःला आयुष्यभर सोबत होत्या. अनेक शस्त्रक्रिया झाल्या. तरी १९९४ साली मरण येईपर्यंत तो कामात होता. कोल्हापूर-सांगलीकडच्या वस्तादांना हे वेगळं सांगायला नको. दुखरा खांदा घेऊन पैलवान आखाड्यात येतो, पण त्या दिवशी जोर किती काढायचे ते वस्ताद ठरवतो.

हे ठरवणं हीच रजेच्या दिवसांतली मुख्य गोष्ट. होतं काय, की एखादा दिवस बरा उगवतो. माणूस म्हणतो, चला, साठलेली सगळी कामं आज उरकू. गोठा झाडतो, पाणी भरतो, पोतं उचलतो. पुढचे तीन दिवस आडवा. मग पुन्हा बरा दिवस, पुन्हा तेच. यावर उपाय सोपा आहे, पण चिकाटीचा आहे. काम दुखण्यावर मोजायचं नाही, घड्याळावर मोजायचं. वीस मिनिटं चालल्यावर दुखायला लागतं ना? मग रोज पंधरा मिनिटंच चाला. बरं वाटलं तरी पंधरा, कसंनुसं वाटलं तरी जमेल तितकं पंधराच्या जवळ. आठवड्यानं एक-दोन मिनिटं वाढवा. खुरपणी असेल तर अर्ध्या तासानं उठून दुसरं काम घ्या. एक पोतं उचलण्यापेक्षा दोन पाट्या करा. यात शूरपणा काही नाही, पण या वाटेनं माणसं पुढं गेलेली आहेत. दुखणं पूर्ण जाईलच असं वचन कुणी देऊ शकत नाही. दुखण्याचा अंमल मात्र कमी होतो, आणि करता येणाऱ्या गोष्टी वाढतात.

डॉक्टरांकडे जाताना आपली मराठी बरोबर न्या, असं मी भाषेचा शिक्षक म्हणून सुचवीन. मेल्झॅकनंच १९७५ साली वेदनेचे ७८ शब्द गोळा करून त्यांची प्रश्नावली तयार केली, कारण वेदनेच्या प्रकारावरून तिचं मूळ शोधायला मदत होते. आपल्याकडे शब्दांची काय वाण आहे? ठणकतं, ठसठसतं, कळ येते, चमक निघते, उसण भरते, आग होते, मुंग्या येतात, ओढ लागते, अवघडतं, सलतं. यातली प्रत्येक वेदना निराळी. 'लई दुखतं' एवढंच सांगण्यापेक्षा 'कंबरेतून पायाच्या अंगठ्यापर्यंत चमक निघते' असं सांगितलं, तर डॉक्टरांचं अर्धं काम होतं.

आता रजेविषयी दोन शब्द. शासकीय नोकराला १९८१ च्या रजा नियमांप्रमाणे सेवेच्या दर वर्षाला २० दिवस अर्धवेतनी रजा असते. वैद्यकीय दाखल्यावर ती पूर्ण पगाराच्या परिवर्तित रजेत बदलून घेता येते, मात्र एका दिवसामागं दोन दिवस खर्ची पडतात. शिल्लक संपली, की बिनपगारी असाधारण रजा. कामगार राज्य विमा योजनेतल्या कामगाराला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सरासरी मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते. शेतमजुराला यातलं काहीच नाही. ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याचा एक दिवस खाडा झाला, तर मुकादम उलट पैसे कापतो. आणि चुलीपुढं वाकणाऱ्या, हंडे वाहणाऱ्या घरच्या बाईच्या रजेचा अर्ज कुणाकडे जायचा? ज्याला रजा मिळते त्यानं तिची लाज बाळगू नये. ज्यांना ती मिळत नाही, त्यांच्या घरी निदान कामाची वाटणी तरी व्हावी.

नियमांत एक अडचण आहे. रजेच्या आधी आजारीपणाचा दाखला लागतो आणि कामावर परत येताना तंदुरुस्तीचा. जुनाट वेदनेचा माणूस या दोहोंच्या मध्ये असतो. आठ तास त्याला झेपत नाहीत, चार झेपतात. इंग्लंडात एप्रिल २०१० पासून डॉक्टरांच्या दाखल्यात तिसरी सोय आली. 'काही बदल केल्यास काम करू शकेल' असं डॉक्टर लिहू शकतात, आणि सुचवतात, की कामाचे तास हळूहळू वाढवा, काम बदलून द्या, जागेची सोय करा. आपल्याकडे दाखल्यात हा रकाना नसला, तरी बऱ्याच गोष्टी मुख्याध्यापकांच्या हातात असतात. वरच्या मजल्यावरचा वर्ग खाली आणणं, सलग चार तासिकांऐवजी मध्ये एक मोकळी ठेवणं, वर्गात पाठ टेकायची खुर्ची देणं, याला शासनाचा ठराव लागत नाही. सहकाऱ्यांनी महिनाभर एखादी तासिका वाटून घेतली, तर चांगला शिक्षक शाळेला परत मिळतो. लांबलेली रजा जितकी लांबत जाते, तितकं परत येणं अवघड होतं. म्हणून पूर्ण बरं होण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा थोडं लवकर, पण थोड्या कामावर परतणं हिताचं ठरतं.

काही सावधगिरीच्या गोष्टी. कंबरदुखीबरोबर पायातली ताकद जाऊ लागली, बसायच्या जागी बधिरपणा आला, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, ताप राहू लागला, कारण नसताना वजन घटलं, किंवा पडल्या-झडल्यानंतर दुखणं सुरू झालं, तर वेळ न घालवता इस्पितळ गाठावं. दुखऱ्या जागी घ्यायच्या गोळ्या रोज मनानं घेऊ नयेत, पोटाला आणि मूत्रपिंडाला त्या बाधतात. नाव-गाव नसलेल्या पुड्यांच्या वाऱ्यालाही उभं राहू नये. आणि दीर्घ दुखण्यानं मन खचलं, जीव नकोसा वाटू लागला, तर ते मनात ठेवू नये. त्यासाठी १४४१६ या क्रमांकावर सरकारची टेलि-मानस सेवा आहे. दिवसरात्र, पैसे न घेता, मराठीतही तिथं बोलता येतं.

घरच्यांना काय करता येईल? ज्याचं जळतं त्याला कळतं, हे खरं. दुसऱ्याची वेदना आपल्याला मोजता येत नाही. पण विश्वास ठेवता येतो. त्याच्या हातातलं प्रत्येक काम काढून घेऊ नका, आणि प्रत्येक काम त्याच्यावर टाकूही नका. 'आज दुखतंय का?' हे दिवसातून दहा वेळा विचारलं, की त्याचं सगळं ध्यान दुखण्याकडेच जातं. त्यापेक्षा 'आज कुठवर चालून आलास?' असं विचारावं. दुखण्याखेरीज इतर गोष्टी बोलाव्यात. पाऊसपाणी, पोरांचा अभ्यास, निवडणुका. दुखणाईत होण्याआधी तो ज्या गोष्टींवर तुमच्याशी भांडत होता, त्यांवर त्याच्याशी खुशाल भांडावं.

आणि पारावरच्या मंडळींना एक विनंती. रजेवरचा कुणी उद्या संध्याकाळी रस्त्यानं हळूहळू जाताना दिसला, तर त्याला त्याच्या रजेविषयी काही विचारू नका. तुमच्यापैकी एकानं उठून त्याच्याबरोबर चालायला लागा. त्याची पंधरा मिनिटं बोलता बोलता निघून जातील, आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा बाहेर पडेल.